चौदा हजार ओळींचा बदल

‘‘सगळंच एकदम नव्याने लिहिलं, तर बिघडलं कुठे, बाई?’’

सुहृद टिळेकर पुण्याहून वेंगुर्ल्याला आला होता तो हेच विचारायला. संगणकाच्या कर्नलमधला, म्हणजे अगदी गाभ्यातला, फायली डिस्कवर जपून ठेवणारा भाग दमयंतीबाई केळुसकर बावीस वर्षं सांभाळत होत्या. जगात कुठूनही कुणी त्यात बदल पाठवला, तरी बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो आत जात नसे. सुहृदच्या चौदा हजार ओळी त्यांनी परत पाठवल्या होत्या. सोबत दोनच शब्द, ‘तुकड्यांनी पाठव.’

नोकरी सांभाळून दोन वर्षं त्याने रक्ताचं पाणी केलं होतं. ते दोन शब्द त्याला चांगलेच झोंबले.

‘‘जुन्या कोडमध्ये नुसती ठिगळं आहेत,’’ तो म्हणाला.

‘‘खरं आहे. निम्मी मीच लावलीत.’’

बाईंनी खुर्ची रिकामी केली. ‘‘बस. माझ्या मशीनवर घाल तुझं.’’

त्याने घातलं. संगणक सुरू झाला, फायली पटापट उघडल्या.

‘‘सुरेख लिहिलंयस रे,’’ बाई म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून होतं. सुहृदला मूठभर मांस चढलं.

मग बाईंनी एक छोटं पत्र लिहिलं, सेव्ह केलं आणि हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं.

‘‘अहो, बाई...’’

‘‘आमच्याकडे दिवसातून चारदा लाईट जाते.’’

त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. पत्राची फाईल जागेवर होती. आत एक अक्षर नव्हतं.

सुहृदने फाईल बंद करून पुन्हा उघडली. कोरीच.

‘‘कुठल्या ओळीने झालं हे?’’ बाईंनी विचारलं.

तो चौदा हजार ओळी वरखाली करत राहिला. बाईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

‘‘निम्मं काढून बघ. चूक कुठल्या निम्म्यात आहे ते तरी कळेल.’’

‘‘निम्मं चालतच नाही, बाई. चाललं तर सगळं, नाहीतर काहीच नाही.’’

बाईंनी गार चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

‘‘तुकडे केले तर,’’ सुहृद म्हणाला, ‘‘माझं काम कुणाला दिसणारच नाही.’’

पोराचं दुखणं बाईंना कळलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘पहिला तुकडा इथेच बसून कर. आणि जेवून जा.’’

त्या दिवशी जेमतेम नऊ ओळी झाल्या. पुढे पुण्याहून दीड वर्ष असंच चाललं. प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे, मगच पुढचा. सदुसष्टावा तुकडा घातला आणि वीज तोडल्यावर पत्र पुन्हा कोरं झालं. चूक एका ओळीची होती, दहा मिनिटांत सापडली.

शेवटचा तुकडा बाईंनी घेतला, त्या दुपारी त्याने फोन केला. जुन्या कोडची एक ओळ उरली नव्हती.

‘‘सगळं बदललं, बाई. आणि कुणाला पत्तासुद्धा नाही.’’



‘‘प्रत्येक तुकडा मीच घेतला, रोज त्याच्यावरच काम करत होते, सुहृद,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तरी सगळं कधी बदललं, मलाही नाही कळलं.’’