हाकेची कपार

आमच्या उंबरदऱ्याहून कोकणात उतरणारी जुनी पाऊलवाट आता फारसं कुणी तुडवत नाही. माल टेम्पोने जातो, माणसं एसटीने. पण त्या वाटेच्या दुसऱ्या वळणावर, कारवीच्या झुडपांत, कातळाला एक चीर गेली आहे. तोंडाशी बैलगाडी अडकेल एवढी रुंद. खोल किती, ते वरून दिसत नाही. ग्रामपंचायतीने हल्ली लोखंडी कठडा बसवला आहे. हिला हाकेची कपार म्हणतात, आणि न थांबणाऱ्या उचकीची माणसं इथे आणतात.

साध्या उचकीसाठी कुणी एवढा घाट चढत नाही. ती चिमूटभर साखरेने जाते, आणि साखर आमच्या दुकानातही मिळते. इथे येतात ते गोळ्या, इंजेक्शनं, नळ्या घालून केलेल्या तपासण्या, सगळं करून थकलेले. माणूस गाडीतून उतरतो तोच खांदे उडवत. धड बोलणं नाही, जेवण नाही, झोप नाही. मी त्यांना दुकानापुढच्या बाकावर बसवतो आणि सांगतो, डॉक्टरांचं औषध सोडू नका. आणि कपारीशी जाण्याआधी तिची हकीकत ऐकून जा. ती न ऐकता गेलात आणि उचकी थांबलीच, तर पुढे काय करायचं ते तुम्हाला कळणार नाही.

घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. हैबती नावाचा माणूस कावडीने हिरडा खाली न्यायचा आणि येताना मीठ आणायचा. घरी आई ठकूबाई, धाकटा भाऊ म्हादू आणि बायको भिवरा. एकदा बैल विकण्यावरून मायलेकांचं वाजलं. हैबती कावड उचलून म्हणाला, "राहतो आता कोकणातच. मग विका नाहीतर पुजा." आणि निघून गेला.

त्याच दुपारी भिवराला उचकी लागली, असे सांगतात.

पहिल्या दिवशी सगळे हसले. उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. माहेरच्यांची नावं घेऊन झाली, मेलेल्यांचीही झाली. उचकी हलेना. वैद्याने मोरपिसाची राख मधातून चाटवली, गूळ-सुंठ हुंगायला दिली. दचकवलं की जाते म्हणून ठकूबाईंनी एकदम आळ घातला, "भिवरे, माझी चुन्याची चांदीची डबी कुठं विकलीस?"

"तुमच्या... कनवटीला हाय, आत्याबाई," भिवरा म्हणाली, आणि पुढची उचकी आली.

पुढचा बाजार भरला तोवर ती अर्धी झाली होती. पोटात घोट ठरत नव्हता, डोळ्याला डोळा लागत नव्हता. वैद्य ठकूबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "औषध संपलं माझं. एक नाव राहिलंय."

"ते मी कवाच घेतलं."

"तुम्ही घेऊन काय उपयोग? उचकी तिला आहे. नाव तिच्याच तोंडून यायला हवं."

तेच होणार नव्हतं. बाईने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी तेव्हाची पक्की समजूत. भिवराने नकाराची मान हलवली. ठकूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शहाणी माझी."

याच दिवसांत गुराख्यांनी गावात बातमी आणली की कपार झपाटली. भर दुपारी आतून हाक येते, "अगं... अगं ए." नाव घेत नाही, नुसतीच हाक. बिननावाच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे घाटात वावरणारा प्रत्येकजण जाणून होता. गुराखी मागे न पाहता पळाले. गावाने मग रीतसर उतारा टाकला. दहीभात, भाकरी, नारळ, सगळं कपारीत ढकललं. हाक एक-दोन दिवस बंद झाली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा उतारा गेला. ठकूबाई दर खेपेला स्वतःच्या हाताने भाकरी थापून देत, म्हणे.

शेवटी त्यांनीच म्हादूला सांगितलं, "वहिनीला घेऊन कोकणात जा. रुसून बसलाय तो. पाया पड, पण घेऊन ये. तो समोर दिसला की हिची उचकी जाईल."

दोघं उतरायला लागली. भिवराला दर चार पावलांवर कातळाचा आधार घ्यावा लागे. कपारीपाशी म्हादूने खूण केली, इथं बोलायचं नाही. तेवढ्यात खालून आवाज आला. फार बारीक, कोरड्या घशाचा.

"अगं... ए."

भिवरा उभी राहिली. तीच हाक तिने अंगणातून, गोठ्यातून, ओढ्यावरून ऐकली होती. हैबतीने तिला कधी नावाने बोलावलंच नव्हतं. तेव्हाचे नवरे बोलावत नसत.

"वहिनी, चला," म्हादू कुजबुजला. "ते आवाज काढतं. माणसागत काढतं."

भूत नावाला ओ देत नाही, माणूस देतो. खात्री करायला तेवढी एकच वाट होती, आणि त्या वाटेने गेलं तर नवऱ्याचं आयुष्य आपल्या तोंडाने कमी करायचं. भिवराने दोन्ही हात कातळावर टेकले, वाकली आणि ओरडली, "हैबती!"

खालून उत्तर आलं, "ओ."

घरात बसलेला माणूस देतो तसं. आणि भिवराची उचकी थांबली.

म्हादू दोर आणि माणसं आणायला वर धावला. भिवरा कपारीच्या तोंडाशी बसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिने छातीभर श्वास घेतला. नवरा जिवंत होता, माणसं येत होती, अंगातलं ते उसळणं गेलं होतं. कातळाला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला.

म्हादूने हलवून उठवलं तेव्हा माणसं दोराने खाली उतरली होती. हैबती तळाशी बसलेला होता, एक पाय मोडून वळलेला, भोवती नारळाच्या करवंट्या आणि भाकरीचे तुकडे. जीव गेला होता, पण अंग अजून गरम होतं, म्हणे. गावाने भूत समजून त्याला इतके दिवस जगवलं होतं.

ठकूबाई म्हणाल्या, "नाव घेतलंस आणि नेलंस."

भिवरा म्हणाली, "पहिल्याच दिवशी घेतलं असतं तर, आत्याबाई?"



पण भिवराला दुसरंच खात राहिलं. उचकी त्याच्या ओ देण्याने थांबली, की त्याचं आठवण काढणंच थांबलं म्हणून थांबली? ती सुखाने निजली, तेव्हा तो होता का? ती पुढे कपारीशीच झोपडी बांधून राहिली. उचकीचं माणूस आलं की त्याला स्वतःच्या तोंडाने नावं घ्यायला लावायची. नावावर उचकी थांबली की त्याला टेकू देत नसे. म्हणायची, "बसू नको. त्याच्याकडं जा."

तेच अजून चालतं. मागे सिन्नरचे एक कापडाचे व्यापारी आले होते. त्यांनी आधी बाजारपेठेतल्या सगळ्या शत्रूंची नावं घेतली; एवढे लोक आपली आठवण काढत असतील याची त्यांना खात्री होती. उचकी थांबली ती बहिणीच्या नावावर, जिच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. घाम पुसत ते माझ्या बाकावर बसायला आले, तर त्यांच्या ड्रायव्हरनेच दंड धरून त्यांना गाडीत घातलं. बहीण त्यांना कशी भेटली, हे मी विचारलेलं नाही. इथे ते कुणी कुणाला विचारत नाही.

आजही उंबरदऱ्याच्या बाया नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारतात. सांजेला जेवणाच्या वेळी दारात उभ्या राहून खड्या आवाजात, पाहुणे बसलेले असले तरी. शेतातून, गोठ्यातून, पारावरून गडी हातातलं काम टाकून ओ देतात, आणि ओ येईपर्यंत बाई आत वळत नाही. हाका संपतात, एकेक दार लागतं. मग घाटाच्या अंगाने आणखी एक ओ येते, असे सांगतात. ती कुणाची, म्हणून वळून पाहणारं गावात कुणी नाही. फक्त त्या वेळी एखादी म्हातारी ताटातली भाकरी मोडता मोडता थांबते.