कुणी ओरडलं तर चालू करा

माळेवाडीत एक भोळा म्हादबा राहायचा. भोळा इतका, की 'दार लोटून घ्या' म्हटलं तर बाहेर उभा राहून लोटायचा. घर माळावर, शेजार लांब.

बायको गोदा लेकीच्या बाळंतपणाला निघाली. जाताना म्हणाली, "बाळ झालं की फोन करते. बारशाला पाळणा घेऊन या. सुलभा त्यात वाढली, तिच्या लेकराचं नावही त्यातच ठेवायचं. आणि हो, जावयांनी फोनवर नाही नाही त्या वर्गण्या लावून दिल्यात. महिन्याच्या महिन्याला पैसे कापतात. ज्या तुम्ही उघडत नाही, त्या बंद करून टाका."

म्हादबाने पाळणा घासूनपुसून लख्ख केला. मग फोन घेऊन बसला. सिनेमे तो रोज उघडायचा. ते राहिले. गोष्टी ऐकायची वर्गणी त्याने कधी उघडली नव्हती. केली बंद.

संध्याकाळी गोदाचा फोन. "अहो, माझी गोष्ट बंद पडली! खुनी कोण ते आत्ता कळणार होतं!"

"मी कुठे उघडत होतो?"

"मी ऐकत होते ना माझ्या फोनवर! वर्गणी दोघांत एकच आहे. परत चालू करा. आधी विचारावं, मग बंद करावं!"

म्हादबाने कपाळावर हात मारला. "माझं डोकं म्हणजे फुटकं मडकं! आता विचारूनच करतो."

एक वर्गणी व्यायामाची होती. घरात कुणी कधी वाकलं नव्हतं. म्हादबाने ती उघडली. आतल्या बाई हात वर करून हसत होत्या. त्याने अदबीने विचारलं, "बाई, हे बंद करू का?"

बाई म्हणाल्या, "अजिबात थांबायचं नाही! चालू ठेवा, चालू ठेवा!"

एवढ्या चांगल्या बाईंचा शब्द कसा मोडायचा? त्याने अख्ख्या वर्षाचे पैसे भरले.

हे ऐकून गोदा म्हणाली, "अहो, त्या बाईला काय विचारता! सोपं सांगते. एकेक बंद करून बघा. कुणी ओरडलं तर चालू करा. नाही ओरडलं, तर बंदच राहू द्या."

"फुटकं मडकं माझं! आता कान देऊन बसतो."

त्याने सिनेमे बंद केले. एरवी तो पहिल्या गाण्यालाच घोरायला लागायचा. त्या दिवशी गाण्याशिवाय घोरला. कुणी ओरडलं नाही. राहू दे बंद.

आता उरलं फोनचं रिचार्ज. तेही महिन्याच्या महिन्याला पैसे खायचं. मुदत संपली तरी म्हादबाने ते भरलंच नाही आणि कान देऊन बसला.

फोन गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. गोदासुद्धा ओरडेना!

"बघा," तो स्वतःशीच म्हणाला, "इतकी वर्षं उगाच भरत होतो. मडक्यात पहिल्यांदा पाणी टिकलं!"

रोज तो पाळणा पुसायचा, दोऱ्या ताणून बघायचा आणि बाळाच्या फोनची वाट बघत बसायचा.

एक दिवस दारात रिक्षा थांबली. गोदा उतरली, रागाने लालबुंद.

"अहो! फोन करून करून बोटं झिजली माझी! नात झाली, बारसंही झालं! पाळणा नाही म्हणून पोरीला भाजीच्या टोपलीत घालून नाव ठेवलं! कुठे मेला होता तुमचा फोन?"

माळापलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

म्हादबाचा चेहरा उजळला.

"ओरडलीस ना, गोदे? थांब, आता चालू करतो!"