वाडीकडचा साकव

तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्याही आधीची गोष्ट आहे, बरं का. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला लागून नदी, नदीवर लाकडी साकव, आणि पलीकडे गावाचीच एक लहानशी वाडी.

त्या गावात एक भलताच रिवाज होता. गावसभेत जो गाऱ्हाणं मांडेल, त्याच्याच गळ्यात ते काम पडे. आदल्या वर्षी तेली म्हणाला, विहिरीतला गाळ काढायला हवा. झालं! बिचारा सहा महिने एकटाच टोपल्या उपसत बसला. घाणा बंद पडला आणि बायकोची बोलणी खावी लागली ती वेगळीच. तेव्हापासून सभेत सगळे शहाण्यासारखे गप्प बसत.

मथुआई ही त्या गावची सुईण. तिची लेक पलीकडच्या वाडीत दिलेली होती आणि लेकीला आठवा महिना लागला होता. साकवाचा मधला वासा कुजलाय, हे मथुआईला पक्कं ठाऊक होतं. परवाच तिचा पाय आत गेला होता.

त्या वर्षी राजाकडून गावाला सागाचं लाकूड मिळालं. सभा भरली. पाटलांना वेशीवर कमान हवी होती. राजाची स्वारी येईल तेव्हा गाव कसं शोभून दिसेल, ते त्यांनी रंगवून सांगितलं आणि विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?"

त्या लाकडात साकव दुरुस्त होईल, हे मथुआईच्या मनात आलं. तिने कुंभाराकडे पाहिलं. मातीसाठी तो रोज साकवावरून जायचा, पण आता तो नखं न्याहाळत बसला होता. गुराख्याने तर मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी लाकडं वाहत बसले तर अडलेल्या बायांकडे कोण बघेल, असं तिने मनाला समजावलं. बोलेल कोणीतरी!

पाटलांनी दुसऱ्यांदा विचारलं. शब्द तिच्या ओठांवर आला. तेवढ्यात शेजारणीने तिचा हात दाबला आणि हळूच म्हटलं, "मथुआई, तुमच्याच गळ्यात पडेल हो."

तिने शब्द गिळला. पाटलांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही कोणी हललं नाही. कमान मंजूर झाली.

पंधरा दिवसांत कमान उभी राहिली. मग एके सकाळी नदीला लोंढा आला आणि साकव मधोमध मोडून वाहून गेला. त्याच दुपारी पलीकडच्या काठावर जावई येऊन हात हलवू लागला. लेक अडली होती.

मथुआई पाण्यात शिरायला धावली. दोघांनी तिला धरून ठेवलं. ती घसा फोडून ओरडत राहिली, "तिला कुशीवर निजवा! पोट दाबू नका!" पण पाण्याच्या आवाजात पलीकडे काहीच पोचेना. जावई नुसता कानाला हात लावून उभा होता.

दिवस मावळताना तो पुन्हा काठावर आला. त्याच्या हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं, आणि ते हलत नव्हतं. लेक तेवढी वाचली होती.

पाटील काठावर जमलेल्या गावाकडे वळले. त्यांनी विचारलं, "साकव कुजलाय, हे कोणाला माहीत होतं?"

कुंभार म्हणाला, मला. गुराखी म्हणाला, मलाही. मग एकेक करत सारा गाव तेच म्हणाला.

मथुआई सर्वांत शेवटी बोलली. "मला तुम्हा सगळ्यांच्या आधी माहीत होतं, पाटील. आणि मी तिची आई आहे."

दुसऱ्याच दिवशी गावाने कमान उतरवून साकव बांधायला घेतला आणि तो रिवाजही मोडला. पण गेलेलं बाळ काही परत आलं नाही.

म्हणून सांगतो, जे बोलायचं मोठी माणसं टाळतात, त्याचं मोल बोलताही न येणाऱ्या जिवाला द्यावं लागतं.