मूळचा गॅस

सांगलीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. निवृत्त प्राध्यापक विश्राम कानडे आपल्या पंचावन्न वर्षांच्या गाडीपाशी उभे होते. शेजारी शकिला अत्तार होत्या. गाडीचा बंद पडलेला एसी त्यांनी चालू केला होता, आणि त्यांच्या नव्या गॅरेजचं हे पहिलंच मोठं काम होतं. जुना गॅस आता मिळत नाही, म्हणून त्यांनी आतलं तेल आणि रबरी सील बदलून नव्या जातीचा गॅस भरला होता.

गाड्या मूळच्या रूपात आहेत का, हे तपासणाऱ्या परीक्षक रणधीरराव मोहोळकरांचा दरारा मोठा. त्यांनी एसीवर लावलेली नव्या गॅसची चिठ्ठी वाचली.

"तेल, रबर बदललेलं चालतं, ते झिजतंच. पण गाडीत जे भरलंय ते त्या काळचंच हवं. गाडी बाद." त्यांनी कागदावर तसा शेराही मारला.

कानडेसरांचा चेहरा उतरला. शकिलाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मग टायरही बघून घ्या. त्यांत आज सकाळीच पंपावर हवा भरलीय."

"हवेचा इथे काय संबंध?"

"तीही भरलेलीच आहे, आणि त्या काळची नाही. या रांगेतल्या एकाही गाडीत नसेल."

रणधीररावांनी रांगेवरून नजर फिरवली. टोकाला त्यांची स्वतःची गाडी होती. आजूबाजूचे मालक हसू दाबत होते. रणधीररावांनी 'बाद' हा शेरा खोडला आणि निमूटपणे सही केली.

ते पुढे गेल्यावर सर म्हणाले, "शकिलाताई, मला वाटलं, गाडी बादच झाली."

"मलाही, सर."

मग दोघं गाडीत बसले, काचा वर केल्या आणि एसी लावला.