शिरवडीची न मोजलेली फेरी

पितळी थाळीत खडा पडला की जो आवाज होतो, तो मी लहानपणी याच तळ्याच्या काठावर ऐकला. खडे गोजराआजी टाकायच्या. फार थकल्या होत्या तेव्हा, पण हात चुकत नसे.

हे तळं पावसाळ्यात भरतं आणि चैत्रात कोरडं पडतं. तळ भाजल्यासारखा कडक होतो, कडा वाटीसारख्या चढत जातात. जत्रेला इथे सायकलींची शर्यत लागते, चाळीस फेऱ्यांची. जिंकणारा वर आणखी एक फेरी मारतो. ती पंच मोजत नाहीत. पाहुणे विचारतात, ती कशासाठी?

सांगतात ते असं. गोजराआजींचे मालक येसाजी लोहार. त्यांनी आपल्या भट्टीवर सायकल जोडली होती. तिला ब्रेक नव्हता, आणि चाक फिरेल तोवर पायही फिरायचे. त्या वर्षी पुण्याचा एक नावाजलेला गडी शर्यतीला आला, म्हणे. ज्याचा मोजणारा त्यानं आणायचा, दर फेरीला एक खडा. येसाजींनी बायकोला बसवलं.

चाळीस फेऱ्या मारून येसाजी उतरले. पुणेकर दीड फेरी मागे होता. पंचांनी थाळीतले खडे मोजले. एकोणचाळीस.

"बायकोला मोजायला बसवल्यावर दुसरं काय व्हायचं, लोहारा?" गर्दीतून कुणी म्हणालं. लोक हसले.

एक खडा गोजराबाईंच्या मुठीतच होता. नवऱ्याकडे बघता बघता टाकायचा राहिला होता. त्या मूठ उघडू लागल्या. येसाजींनी ती हलकेच मिटली. खडा दाखवून शर्यत मिळाली असती की नाही, कोण जाणे. जत्रेभर बायकोचं हसं मात्र झालं असतं.

"थाळी खरी," ते पंचांना म्हणाले. "माझीच एक राहिली." मग बायकोला म्हणाले, "आत्ता येतो गं."

एवढ्यात पुणेकर शेजारून पुढे निघून गेला; त्याचीही एकच फेरी राहिली होती. येसाजी उभ्या जागेवरून त्याच्या मागे सुटले. त्या फेरीत त्यांची स्वतःची धूळसुद्धा त्यांना गाठू शकली नाही, असं म्हणतात. रेघेवर ते हातभर पुढे होते. पहिली टाळी पुणेकरानंच वाजवली.

तेव्हापासून शिरवडीत मोजायला घरच्या बायकाच बसतात. कुणाची हसायची छाती होत नाही.

आजही जिंकणारा ती जादा फेरी एकटा मारतो. सारं गाव उभं राहून बघतं. तो परत आला की त्याच्या घरची बाई मुठीत जपलेला खडा थाळीत टाकते. आवाज होतो. मग तो सायकल हातात धरून काठ चढून निघून जातो.