पाय न टेकता

“पण गुरुजी, उतरायचंच कशाला?”

पद्मजानं हे विचारलं तेव्हा तिची सायकल चालूच होती. जंगम गुरुजी खाली उतरून उभे होते, आणि ती त्यांच्याभोवती गोल फेऱ्या मारत होती.

गुरुजी हँडल धरून वेशीच्या कमानीकडे बघत होते. कमानीत एक पिंपळाचं रोप उगवलं होतं. त्यांना घाई कसलीच नव्हती.

“गाव आलं,” ते म्हणाले.

“गाव आलं तसं मागं जाईल की.”

“म्हणून तर.”

आणि सायकल हातात धरून ते वेशीतून आत चालू लागले.

कृष्णाकाठची ती जुनी रीत होती. गावाची वेस आली की सायकलवरून उतरायचं. पारावर म्हातारी माणसं बसलेली असतात, त्यांच्यासमोरून चालत जायचं. मारुतीचं देऊळ मागं पडलं की मग खुशाल टांग मारायची. आता वेशीतून फटफट्या हॉर्न वाजवत सुसाट जात, आणि रीत पाळायला एकटे गुरुजीच उरले होते.

पद्मजाची रीत बरोबर उलटी होती. ती पाय टेकत नसे.

शाळेतून निघाली की थेट घराच्या अंगणात तिचा पाय जमिनीला लागे. मध्ये म्हशींचा कळप येवो नाहीतर उसाची ट्रॉली, ती जागच्या जागी डुलत राही, चाक इकडंतिकडं वळवी, पण उतरत नसे. शाळेत चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. या एका गोष्टीसाठी मात्र पोरं तिला ओळखत.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजी थोड्या मुलांना घेऊन सायकलनं पार संगमापर्यंत जात. रस्ता सगळा नदीच्या कडेनं, तळहातासारखा सपाट. वाटेतल्या जुन्या गावांमध्ये, घाटावरच्या देवळांत मुक्काम. यंदा पद्मजाला जायचं होतं. तिनं धीर करून विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले होते, एक रविवार माझ्याबरोबर ये, मग बघू.

बघू म्हणजे काय ते तिनं मनाशी ठरवून टाकलं. आज निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पाय टेकायचा नाही. मग गुरुजी नाही कसे म्हणतात ते बघू.

पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला लांबूनच हेरलं. गुरुजी सावकाश चालत होते आणि ती त्यांच्यामागून तोल सावरत वेडीवाकडी येत होती.

“गुरुजी, पोरगी भवऱ्यागत फिराय लागलीया की.”

“फिरू दे,” गुरुजी म्हणाले.

“पाय टेकला तर काय शाप हाय काय गं तुला?”

पार हसला. पद्मजाचे कान तापले, पण तिनं पाय टेकला नाही.

गावाबाहेर पडल्यावर दोघं शेजारी शेजारी चालवू लागली. नवरात्र नुकतंच संपलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेला होता, मध्येच हळदीची रानं लागत. कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं होतं, कारण वाऱ्यावर रसाच्या काहिलीचा गोड वास येत होता. उसाच्या फटीतून नदी दिसे आणि पुन्हा लपे.

गुरुजी इतके हळू चालवत की तिला ब्रेक दाबून धरावा लागे.

“गुरुजी, संगमाला जाताना पण असंच प्रत्येक वेशीत उतरता?”

“हो.”

“मग पोचता कधी?”

“संगम थांबतो.”

ती म्हणाली, तुम्ही मला अजून काहीच शिकवलं नाही.

“तुला सायकल येते.”

“मग?”

चेनचा आवाज तेवढा येत होता.

“उतरता येतं का?” गुरुजींनी विचारलं.

पद्मजाला हसू आलं. उतरायला काय लागतं? ते तर लहान पोरांनाही येतं, ती म्हणाली. गुरुजींनी मान हलवली, जणू तिचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

पुढचं गाव आलं. गुरुजी उतरले, ती फिरत राहिली. त्याच्या पुढचं आलं. तिथल्या वेशीला अजून अणकुचीदार खिळ्यांचा दरवाजा होता, एकच फळी उरलेला. गुरुजींनी त्यावर हात ठेवला. ती मात्र कमानीखालून आत गेली, वळून बाहेर आली, पुन्हा आत गेली.

मग कॅनॉलचा फाटा लागला, आणि इतका वेळ शेजारी असलेली पद्मजा एकदम पुढं झाली.

“गुरुजी, इकडून वळू. बाहेरच्या रस्त्यानं.”

“समोर कुठलं गाव?”

“कसबा तुंगळ. आमचंच. पण गावात आता बघण्यासारखं काही नाही.”

संगमाला जाताना गुरुजी अलीकडच्या पुलावरून पलीकडच्या काठाला लागत. त्यामुळं तुंगळ त्यांच्या वाटेत कधी आलंच नव्हतं.

“तुझं गाव मी पाहिलेलं नाही,” ते म्हणाले, आणि वळले नाहीत.

तिला त्यांच्यामागून जावं लागलं.

तुंगळची वेस आसपासच्या गावांत सगळ्यांत उंच होती. आत दोन्ही बाजूंना दगडी देवड्या, पूर्वी पहारेकरी बसायचे तशा. डाव्या देवडीत पद्मजाचा आजोबा, तिचा अज्जा, बसायचा. बसून बसून तिथला दगड काचेसारखा गुळगुळीत झाला होता. ती शाळेतून आली की वेशीत उतरायची. हो, तेव्हा ती उतरायची. अज्जा वाकून तिच्या सायकलचं पायडल हातानं उलटं फिरवायचा, कान देऊन चेन ऐकायचा, आणि रोज तेच म्हणायचा, “तुझ्यापरीस हीच दमलीया. सावलीला लाव तिला.”

मग कोटाच्या खिशातून मूठभर फुटाणे निघत. त्यांना तंबाखूचा वास असे. तसे फुटाणे तिनं पुन्हा कधी खाल्ले नाहीत.

अज्जा एका पावसाळ्यात गेला. त्यानंतर उसाच्या ट्रॉल्या अडतात म्हणून रस्ता रुंद झाला आणि वेसही गेली. तिचे दगड ओढ्याकाठी पडले होते. बाया त्यावर धुणं धूत. वेशीच्या जागी आता सिमेंटचा रस्ता होता, एका बाजूला मोबाईलचं दुकान, दुसऱ्या बाजूला कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स. वेस नेमकी कुठं होती यावरून गावातल्याच माणसांची वादावादी व्हायची.

पद्मजा त्या वादात नसायची. ती कॅनॉलच्या रस्त्यानं घरी जाई.

आज तिनं मान खाली घातली, नजर पुढच्या चाकावर ठेवली. फ्लेक्स आला तशी ती सीटवरून उठली आणि उभ्यानं पायडल मारत सुटली.

मोबाईलचं दुकान मागं गेलं. पिठाची गिरणी मागं गेली. मागून गुरुजींच्या चेनचा आवाज येत नव्हता.

तिनं वळून पाहिलं.

रिकाम्या सिमेंटच्या रस्त्यावर गुरुजी उतरून उभे होते. पुढं कमान असावी तसे.

ती परत फिरली. त्यांच्याजवळ आली आणि सवयीनं गोल फिरू लागली.

“गुरुजी, इथं काही नाही. चला ना.”

बाकीच्या गावांत गुरुजी थोडा वेळ थांबत आणि चालू लागत. इथं ते चालतच नव्हते. दुकानातला पोऱ्या मोबाईल ठेवून बघू लागला. एक ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न दिला. गुरुजींनी नुसता हात वर केला, आणि तोही थांबला.

पद्मजा फिरत राहिली. फेरी लहान झाली. आणखी लहान झाली. चाक एवढं वळलं की त्याला आता वळायला जागा उरली नाही.

तिचा पाय जमिनीला लागला.

तिनं सायकल डाव्या अंगाला घेतली आणि स्टँडवर लावली. मग खाली वाकून एका हातानं पायडल उलटं फिरवलं, आणि बराच वेळ चेन ऐकत राहिली.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

नंतर दोघं सायकली हातात धरून गावातून चालत गेली. बरेच दिवस ती इकडं फिरकली नव्हती. पारावरच्या माणसांनी विचारलं, कोणाची गं तू? तिनं अज्जाचं नाव सांगितलं. तेव्हा एकजण सरकून तिला बसायला जागा करू लागला. ती बसली नाही, पण थांबली. अज्जा चेन ऐकतो का गं अजून, असं त्यानं विचारलं, आणि मग अज्जा गेल्याचं त्याला आठवलं. पद्मजा म्हणाली, आता मी ऐकते.

मारुतीचं देऊळ आलं. गुरुजींनी सायकल टेकवून हात जोडले.

“माझा पाय टेकला,” पद्मजा म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

“पाहिलं.”

“मग… संगमाला?”

“स्वेटर आण. घाटावर पहाटे गारठा असतो.”

तिनं डोळे पुसले, टांग मारायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“गुरुजी, तुम्ही या गावात कधी आलाच नव्हता ना?”

“नाही.”

“वेस तर आता दिसतही नाही. मग ती बरोबर तिथंच होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तू.”

“मी? मी तर एक शब्द बोलले नाही.”

गुरुजी सायकलवर बसले. एक पाय अजून जमिनीवरच होता.

“तू जिथं जोरात पायडल मारलंस, तिथं मी उतरलो.”