धृतश्रवांचे अग्निकुंड आणि किट्टिका

कृतयुगाच्या अखेरच्या चरणात, अक्षरे अजून भूर्जपत्रावर उतरली नव्हती आणि सारी विद्या मुखातून कानात व कानातून हृदयात वसत होती, त्या काळी सुनंदा नदीच्या तीरावर महर्षी धृतश्रवांचा आश्रम होता. जलप्रलयात इतर ऋषिकुळे वाहून गेली, आणि पर्जन्याला आवाहन करणाऱ्या सहस्र ऋचा केवळ या एका वृद्धाच्या कंठात उरल्या. ब्रह्मदेवाने त्यांना वर दिला होता, “तुझ्या यज्ञशाळेतील अग्नी प्रज्वलित आहे तोवर तुझी स्मृती ढळणार नाही.”

वर मिळाला, पण निश्चिंती मिळाली नाही. म्हटलेली ऋचा खरोखर म्हटली की म्हटल्याचा भास झाला, या शंकेने महर्षी ती पुन्हा म्हणत, आणि तरीही त्यांचे मन स्वस्थ होत नसे. वैशाखी पौर्णिमेला ऋषिसभेत त्या साऱ्या ऋचा तरुण मुनींच्या स्वाधीन करायच्या होत्या. त्यांतली एक जरी निसटली तरी मेघ बहिरे होणार होते.

त्या यज्ञशाळेत रोज पहाटे मागच्या दाराने किट्टिका नावाची असुरकन्या येई. शिळे, झिजलेले, मोडलेले तेवढेच तिला पचावे, ताज्या अन्नाने तिला पीडा व्हावी, असे तिचे विधिलिखित होते. कुंडातली राख, अर्धवट जळालेल्या समिधा, कोमेजलेले दर्भ ती खाई. आणि तिच्या उदरात त्या साऱ्याची जी काळीभोर, सुपीक माती होई, ती पळसांच्या मुळाशी नेऊन घाली. त्याच पळसांच्या समिधा पुन्हा कुंडात येत. आश्रमात या अद्भुत कर्माची स्तुती कोणी कधी केली नाही. कुंड रोज स्वच्छ असे, एवढेच सर्वांना ठाऊक.

एके पहाटे महर्षींना तिच्या दाढेत काहीतरी चमकलेले दिसले.

“थांब, राक्षसी! तोंडात काय आहे?”

“ठिणगी, महाराज. राखेतून एखादी येते. जीभ पोळते, पण आता सवय झाली.”

“ठिणगी कशावरून? माझी एखादी ऋचा असेल ती!”

किट्टिकेला हसू आवरेना. “ऋचा असती तर मी पोट धरून बसले असते. मला ताजे पचत नाही.”

महर्षींना मात्र हसू आले नाही. मंत्रस्पर्शाने पावन झालेल्या राखेचा कणही यापुढे बाहेर जाणार नाही, अशी त्यांनी प्रतिज्ञा केली आणि मागच्या दाराला अडसर घातला.

राख वाढू लागली. तूप मुरून तिचे गोळे झाले, गोळ्यांवर गोळे बसले, ज्वाळा ठेंगण्या व धुरकट होत गेल्या. एके दिवशी महर्षी सारा आश्रम धुंडाळत राहिले.

“आर्य, काय शोधता?” ऋषिपत्नी सुप्रभेने विचारले.

“कमंडलू.”

“आणि हातात काय आहे?”

दोघेही हसले. पण पौर्णिमेला सहा दिवस उरले असताना महर्षी सकाळी तिच्याकडे पाहून आदराने म्हणाले, “कल्याणी, आपण या आश्रमात कधी आलात?”

“चाळीस वर्षांपूर्वी,” सुप्रभा म्हणाली, “आपलाच हात धरून.”

ती तशीच नदीकाठी गेली आणि उपासाने काडी झालेल्या किट्टिकेला घेऊन आली. कुंडात डोकावताच असुरकन्येने कपाळाला हात लावला.

“रोजच्या रोज हा घासभर माल होता, बाई. आता दगड झालाय. महाराज, तीन दिवस आहुती थांबवा. तूप नाही, समिधा नाही. वरून पडत राहिले तर खालचे मला आवरायचे नाही.”

“आणि अग्नी विझला तर?” महर्षींनी विचारले. “सहस्र ऋचा, किट्टिके! त्या माझ्या एकट्याच्या नाहीत.”

“तो भुकेला नाही, महाराज. गुदमरलाय.”

महर्षींनी डोळे मिटून पहिली ऋचा आठवून पाहिली. तिचा दुसरा चरण आला नाही. तेव्हा ते उठले आणि त्यांनी स्वतः अडसर काढला.

तीन दिवस कुंडात आहुती पडली नाही आणि महर्षींनी अन्नाला स्पर्श केला नाही. किट्टिका राखेचे पाषाण फोडत होती, चावत होती, गिळत होती. तिच्या ओठांतून रक्त आले, दाढा तुटल्या, पण तिचे मुख थांबले नाही. वज्रधारी इंद्राने वृत्राशी केलेल्या युद्धाला देव साक्षी होते. या युद्धाला एक वृद्ध आणि त्याची पत्नी, एवढेच. चौथ्या पहाटे ज्वाळा सरळ वर उठली. तळाशी एकच गोळा फुटला नाही. त्याच्याखालचा निखारा कधीच विझला होता.

पौर्णिमेला महर्षींनी सहस्र ऋचा अस्खलित म्हटल्या, आणि अखेरच्या स्वराबरोबर आकाश दाटून आले. त्या मेघांत प्रकट होऊन ब्रह्मदेव म्हणाले, “हे असुरकन्ये, वर माग.”

“मागचे दार उघडे असावे, देवा.”

“तथास्तु! प्रत्येक देहाच्या सूक्ष्मातिसूक्ष्म कणात एकेक यज्ञशाळा आहे. तिथे तू राहा. झिजलेले खा आणि त्यातूनच नवे घडव. मस्तकातील अग्नींना विशेष जप, कारण ते बहुधा एकदाच पेटवले जातात. मात्र तुटलेल्या दाढा मी परत देऊ शकत नाही. देहाचे वय वाढेल तशी तू थकशील; दार अडेल तिथे राखेचा पाषाण होईल, आणि मनुष्य आपल्याच माणसांना विसरेल.”

तेव्हापासून किट्टिका प्राणिमात्रांच्या देहात अखंड राबते आहे, आणि ती राबते तोवर तिची आठवण कोणाला येत नाही.

महर्षी धृतश्रवा पुढे अनेक वर्षे जगले, आणि त्यांच्या यज्ञशाळेतही किट्टिका पूर्वीसारखीच येत राहिली. रोज पहाटे ते मागचे दार स्वतः उघडत, पोकळ झालेल्या तिच्या मुखाकडे पाहून हात जोडत, आणि मग अंगणात येत. तिथे सुप्रभा उभी असे.

“कल्याणी, आपले नाव?”

“सुप्रभा.”

“सुंदर आहे,” महर्षी म्हणत. कुंडाच्या तळाशी विझलेला तो निखारा तिच्या नावाचा होता.